दहा गुंठे, एक माणूस आणि मे महिन्याचं पाणी

कोकणात वाडवडिलांचा जमिनीचा तुकडा आहे, तिथे एकट्याने राहायचं आहे, पैसे बेताचे आहेत आणि शेतीचं काम हाताखालून कधी गेलेलं नाही, अशा माणसासाठी हे लिहिलं आहे. असे बहुतेक जण घरापासून सुरुवात करतात. चिऱ्याचं छान घर उभं राहतं, पैसे संपतात, आणि पुढच्या एप्रिलात हौसेने लावलेली कलमं डोळ्यांदेखत वाळतात. हा क्रम उलटा केला पाहिजे. मे महिन्यात रोज किती पाणी हाताशी असेल आणि ते तुम्ही एकटे किती झाडांपर्यंत नेऊ शकाल, यावरून जूनमध्ये किती खड्डे भरायचे ते ठरवा. घरसुद्धा त्यानंतर.

जमीन दोन एकर असली तरी पहिल्या वर्षी दहाच गुंठे हाताशी घ्या. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. दहा गुंठ्यांचा तुकडा चौकोनी धरला तर एक बाजू साधारण १०४ फूट आणि कुंपण ४१७ फूट होतं. एवढं एका माणसाला रोज पायी फिरून नजरेखाली ठेवता येतं. उरलेल्या जमिनीत फक्त वणव्यापासून राखण करायची, बाकी काही नाही.

आधी कागद

सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि जुने फेरफार काढा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो. नाव कोणाचं आहे एवढंच पाहून थांबू नका, ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचा. कूळ, बोजा, वाटेचा हक्क, कधी दुसऱ्याच्या झाडांचा हक्क, सगळं तिथे सापडतं. वारसनोंद झालेली नसेल तर ते पहिलं काम. सामाईक खात्यात बारा-पंधरा नावं असणं कोकणात नेहमीचं आहे. अशा वेळी विहीर, वीजजोडणी किंवा अनुदान, काहीही करायला गेलात की बाकीच्यांची संमती मागतात. सगळे सहमत असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येतं. ते होईपर्यंत ज्यावर नंतर वाद होईल असं पक्कं बांधकाम करू नका.

जमीन विकत घ्यायची असेल तर आधी स्वतःकडे शेतकरी असल्याचा पुरावा आहे का ते पाहा. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन थेट घेता येत नाही. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्या आणि हद्दीच्या खुणा गाडल्या जात असताना स्वतः हजर राहा. लगतच्या खातेदारांनाही मोजणीची नोटीस जाते. त्या दिवशी त्यांच्याशी नीट ओळख करून घेतलीत, तर पुढच्या दहा वर्षांचं बरंच काम तिथेच होतं.

पाण्याचा हिशेब

जागा पाहायला पावसाळ्यात जाऊ नका. तेव्हा कोकणात सगळीकडे पाणीच असतं. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. दोरीला दगड बांधून विहिरीतलं पाणी मोजा, दोन तास पंप चालवा, पातळी किती उतरली ते दोरीवर खूण करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजा. गोल विहिरीचा व्यास दहा फूट असेल तर एक फूट पाणी म्हणजे साधारण २२०० लिटर. रात्रभरात पातळी अर्धा फूट वर आली, तर झरा तुम्हाला १०००–११०० लिटर देतो आहे. एका माणसाला हे भरपूर झालं. चारच बोटं चढली तर पुढचा हिशेब काटेकोरपणे करावा लागेल. तळ कोरडा असेल तर या वर्षी लागवड नाही, फक्त साठवण.

एका माणसाला पिण्या-रांधण्यापासून अंघोळ-धुण्यापर्यंत काटकसरीने दिवसाला ४५ लिटर पुरतात. त्यातलं ३०–३५ लिटर न्हाणीतून आणि मोरीतून वाहून जातं. हा आकडा लक्षात ठेवा, माडांच्या वेळी तो उपयोगी पडेल.

छपराचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. २५ चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटरचा एक दिवस म्हणजे २५०० लिटर. उडणारं, सांडणारं वजा केलं तरी २००० हाती लागतं. पाच हजार लिटरची टाकी तीन दमदार दिवसांत भरते. अडचण भरण्याची नाही, ते पाणी मे महिन्यापर्यंत टिकवण्याची आहे. जूनच्या पहिल्या सरींमध्ये छपरावरचा पाला, धूळ, पक्ष्यांची विष्ठा उतरते; ते पाणी बाहेर सोडा. पावसाळाभर टाकीतलं पाणी वापरत राहा, सप्टेंबरमध्ये टाकी रिकामी करून घासा आणि परतीच्या पावसाने पुन्हा तोंडापर्यंत भरा. नंतर झाकण बंद. वरून उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं, आणि जाळीवाचून फट राहिली तर डास.

भरलेली टाकी पाच टनांची असते. चार चिरे मांडून त्यावर ती ठेवली तर मधला तळ लोंबकळतो आणि एखाद्या वर्षात बुडाशी तडा जातो. खाली सलग, सपाट जोतं हवं आणि तेही जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच, म्हणजे पाणी उताराने आपोआप झाडांकडे जाईल. एक मीटर उंची म्हणजे जेमतेम ०.१ बार दाब. एवढ्या दाबावर बाजारातली नेहमीची ठिबक नळी शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोहोचवत नाही. साधी अर्धा इंची नळी, प्रत्येक झाडापाशी बारीक नळीचा तुकडा आणि टाकीच्या तोंडाशी गाळणी, एवढं पुरतं. गाळणी विसरलात तर आठवड्याभरात निम्म्या नळ्या तुंबतात.

सोळा झाडं, जास्त नाहीत

दहा गुंठ्यांत घर, न्हाणी, टाकी आणि भाजीचे वाफे वजा केले तर सोळा झाडं बसतात. सात मीटर अंतराने सहा काजू, साडेसात मीटरने तीन माड, सहा मीटरने तीन कोकम, एक आंबा, दोन शेवगे, एक लिंबू. काजूची वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ही कलमं घ्या, शक्यतो दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या रोपवाटिकेतून. कोकम बियांपासून लावू नका. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि हे झाड नर आहे हे सात-आठ वर्षांनी कळलं तर ती वर्षं परत मिळत नाहीत. ‘कोकण अमृता’चं कलम घ्यावं. परागासाठी नर झाड आसपासच्या रानात बहुधा असतंच.

आता मघाचा आकडा. काजू, आंबा, कोकम, लिंबू, शेवगा अशा तेरा रोपांना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला १५ लिटर दिले तर १९५ लिटर होतात. कोवळ्या माडाला मात्र दर चार दिवसांनी ४५ लिटर लागतात. तीन माडांचे आठवड्याला २३६ लिटर. म्हणजे तीन माड बाकीच्या तेरा झाडांपेक्षा जास्त पाणी पितात. ‘कोकणात घर म्हटलं की पंचवीस माड’ हा बेत एकट्या माणसाला इथेच बुडवतो. उपायही याच आकड्यांत आहे. तीन माडांची रोजची गरज ३४ लिटर आणि न्हाणी-मोरीतून रोज जाणारं पाणीही तेवढंच. पाट काढा, तीन आळ्यांना आळीपाळीने वळवा आणि माडांचा प्रश्न संपला. उरलेल्या तेरा झाडांना डिसेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मिळून साधारण ४७०० लिटर लागतात. पाच हजारांची टाकी कशासाठी, ते यावरून कळेल. विहिरीचं पाणी मग तुमच्यासाठी आणि भाजीसाठी राहतं.

तेरा झाडांचं पाणी हाताने घालायचं तर पंधरा-पंधरा लिटरच्या दोन बादल्यांच्या आठवड्याला सात खेपा. शंभर कलमं लावलीत तर पन्नास. ताप आला, पाठ धरली, गावाला जावं लागलं, की पन्नास खेपांना दुसरं कोणी नसतं.

खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्या. काजूला दोन फूट लांब-रुंद-खोल, आंबा आणि माडाला तीन फूट. वरची काळपट माती एका बाजूला, खालची तांबडी दुसऱ्या बाजूला टाका आणि भरताना वरची आधी घाला. कातळ अर्ध्या फुटावर लागला तर पहारीने झगडत बसू नका. जागा सरकवा किंवा ब्रेकर आणा. खड्ड्यात पूर्ण कुजलेलं शेणखत दोन घमेली आणि निंबोळी पेंड एक किलो. अर्धवट कुजलेला पाला किंवा कच्चं शेण घातलं की वाळवी येते आणि रोपाची मुळं खाते; वरून सगळं ठीक दिसत असताना रोप एके दिवशी मान टाकतं.

लागवड पहिले दोन-तीन जोरदार पाऊस होऊन गेल्यावर. पिशवी पूर्ण काढा. कलमाचा सांधा जमिनीच्या चार बोटं वर राहिला पाहिजे. मातीखाली गेला तर कुजतो. सांध्याची प्लास्टिक पट्टी दोन-अडीच महिन्यांनी सोडवा, नाहीतर ती खोडात रुतते आणि वाऱ्यात कलम तिथूनच मोडतं. खुंटावर, म्हणजे सांध्याखाली, येणारे फुटवे दर आठवड्याला नखाने खुडा. नवख्या माणसाचं कलम बहुतेक वेळा इथेच फसतं: खालचा फुटवा जोमदार दिसतो, आनंद होतो, आणि वरचं कलम उपाशी मरतं. पहिली दोन वर्षं काजूला आलेला मोहोर काढून टाका. आळ्याची माती उंचवट्यासारखी भरा. जुलैत आळ्यात पाणी साचता कामा नये.

माडाच्या खड्ड्यात तळाशी नारळाची सोडणं (काथ्याची टरफलं) पसरा, खोलगट बाजू वर करून. ती स्पंजासारखी ओल धरतात. गेंड्या भुंग्यासाठी कोवळ्या माडाच्या वरच्या पानांच्या बेचक्यांत मिळून तीन डांबरगोळ्या आणि वरून वाळू, दर दीड महिन्याने. हा भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो, म्हणून खताचा खड्डा माडांपासून जमेल तितका लांब.

वई

वई म्हणजे जिवंत झाडांचं कुंपण. चारशे फूट गडगा (दगडी बांध) घालायला पैसे आणि माणसं दोन्ही लागतात. गिरीपुष्पाचे खुंट गावात कोणीही फुकट देतं. जूनच्या सुरुवातीला अंगठ्यापेक्षा जाड, चार-पाच फुटी खुंट तोडा, खालचं टोक तिरपं कापा, पहारीने भोक पाडून एक फूट खोल रोवा आणि माती पायाने घट्ट दाबा. खुंट ठोकून घातला तर खालची साल फाटते आणि तो फुटत नाही. दीड फुटावर एक धरला तर ४१७ फुटांना २८० खुंट. काही मरतीलच, म्हणून तीनशे तोडा. दिवसाला चाळीस रोवले तर आठवड्याचं काम आहे. दुसऱ्या वर्षापासून त्याचा पाला नत्रयुक्त हिरवळीचं खत म्हणून आळ्यांत घालता येतो.

वई एका पावसात बंद होत नाही. भात कापणी झाली की गावची गुरं मोकळी सुटतात, आणि तुमची कलमं कोवळी असतात. तेव्हा पहिल्या वर्षी खुंटांमध्ये करवंदीच्या काटेरी शिऱ्या गुंफा आणि प्रत्येक कलमाभोवती वेगळा काट्यांचा घेर करा. वाटेवर बांबूचं बेडं (फाटक) लावायला विसरू नका. सगळी वई करून वाट उघडी ठेवलेल्या जागा कितीतरी आहेत.

माकडांना वई अडवत नाही. त्यांच्याशी झुंजायला एकटा माणूस पुरत नाही, म्हणून पिकं तशी निवडायची. केळी, पेरू, पपई, मका पहिल्या वर्षी नकोत. हळद, आलं, मिरची, गवती चहा यांना ती सहसा हात लावत नाहीत. रताळी-कणगी लावलीत तर रानडुकरं रात्रीत उकरतात.

मांगर

मांगर म्हणजे शेतातलं छोटं घर: दहा बाय बारा फुटांची एक खोली, भोवती पडवी. छप्पर सगळं मिळून २५ चौरस मीटर धरा, वरचा पाण्याचा हिशेब त्यावरच आहे. दार पूर्वेला, पश्चिमेला जास्त रुंद पडवी, कारण झड तिकडून येते. जोतं दोन फूट. एक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो. दिवसाला दोनशे चिरे एकट्याने हलवायचा विचार करू नका. भिंती आणि छपराचा सांगाडा गवंडी-सुतारांकडून करून घ्या, मातीकाम, सारवण, रंग, नळजोडणी स्वतः शिका. पत्रा घातलात तर दोन पत्र्यांचा लांबीतला चढाव सहा इंच, स्क्रू पन्हाळीत नको, उंचवट्यावर हवा, रबरी वॉशरसकट. संडासचे खड्डे विहिरीपासून किमान ५० फूट आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभा सच्छिद्र असतो, पाणी त्यातून लांबवर झिरपतं. ग्रामपंचायतीकडून काय परवानगी लागते ते जोतं घालण्याआधी लेखी विचारा.

वीज जवळ नसेल तर गरज मोजा. तीन ९ वॅटचे दिवे पाच तास, एक ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आठ तास, मोबाइल: दिवसाला ४०० वॅट-तास. दोनशे वॅटचं पॅनेल आणि १२ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी याला पुरते, पण जुलैतल्या ढगाळ आठवड्यात पंखा बंद ठेवावा लागेल. पंप या संचावर चालत नाही.

भाजी

वाफा चार फूट रुंद, आठ फूट लांब. चार फुटांपेक्षा रुंद नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे. आत पाय पडला की माती दबते. असे तीनच. पावसाळ्यात हे वाफे जमिनीपासून फूटभर उंच, नोव्हेंबरात तेच मोडून खोलगट करायचे. उंच वाफ्यावर उन्हाळ्यात पाणी टिकत नाही आणि खोलगट वाफ्यात जुलैत रोप सडतं. जूनमध्ये भेंडी, मांडवावर पडवळ, दोडका, काकडी. न्हाणीच्या पाटाशी अळू. नोव्हेंबरात लाल माठ, मुळा, वांगी, मिरची, आणि ओल असेल तिथे कुळीथ, पावटा. एका वाफ्याला उन्हाळ्यात दिवसाला १५ लिटर धरा. मार्चमध्ये विहीर उतरायला लागली की दोन वाफे बंद करून एकच चालू ठेवा.

जीवामृत एकट्यापुरतं करा: ५० लिटर पाणी, अडीच किलो ताजं शेण, अडीच लिटर गोमूत्र, अर्धा किलो गूळ, अर्धा किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळा आणि आठवड्याच्या आत संपवा. शेण-गोमूत्र शेजारून मिळतं. त्यासाठी गाय पाळू नका. गाय, म्हैस, शेळी यांना रोज दोन वेळा माणूस लागतो आणि तुम्ही एका रात्रीसाठीही बाहेर जाऊ शकत नाही. दुसऱ्या वर्षी चार-पाच गावठी कोंबड्या ठीक, पण खुराड्याची जाळी जमिनीत अर्धा फूट पुरून. मुंगूस खालून येतं.

वणवा

नोव्हेंबरपासून गवत वाळतं. जानेवारी ते मे या काळात कुठूनतरी वणवा येतो आणि दोन वर्षांची मेहनत अर्ध्या तासात जाते. डिसेंबर संपायच्या आत हद्दीच्या आतून दहा फूट रुंद पट्टा मातीपर्यंत साफ करा आणि कापलेलं गवत तिथे न ठेवता झाडांच्या आळ्यांवर आच्छादन म्हणून घाला. फक्त खोडापासून एक वीत मोकळी सोडा. ग्रासकटर भाड्याने घेणार असाल तर टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावंच लागतं. प्रमाण यंत्रावर लिहिलेलं असतं, ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलिलिटर. नुसतं पेट्रोल घातलं की इंजिन काही मिनिटांत जाम होतं. जांभ्याचे खडे उडतात, तोंडावर जाळी हवीच. पट्टा झाल्यावर हिरव्या फांद्यांचा एक भारा आणि पाण्याचे दोन डबे हद्दीपाशी कायम ठेवा.

शरीर

जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री येते, तिचा दंश अनेकदा कळतही नाही. खाट आणि मच्छरदाणी, मच्छरदाणीचे काठ गादीखाली खोचलेले. फुरसं हा विषारी साप पाल्यात आणि चिऱ्यांच्या ढिगात असतो. चिरा उचलण्याआधी पहारीने हलवा. दंश झाला तर आवळून बांधू नका, कापू नका, तो भाग न हलवता १०८ ला फोन करा. प्रतिविष कोणत्या रुग्णालयात असतं ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, म्हणून वेदना कमी झाली तरी दवाखान्यात जायचंच. चिखलात काम करताना पायाला जखम असेल तर गमबूट घाला. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप अंगावर काढू नका. दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत; तिथे असाल तर मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, लगेच आरोग्य केंद्राला कळवा.

आणि रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एका शेजाऱ्याला फोन. फोन गेला नाही तर ते बघायला येतील, एवढं बोलून ठेवलेलं असावं.

पैसे

वर्षभराचा घरखर्च वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. उरलेल्या शंभर रुपयांतले चाळीस पाण्याला, पंचवीस छपराला, दहा अवजारं आणि रोपांना, दहा मजुरीला. पंधरा तसेच ठेवा, ते जुलैत लागतात. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेचं अनुदान ५०, ३० आणि २० टक्के असं तीन वर्षांत येतं, खर्च आधी तुमचा होतो आणि पुढचे हप्ते झाडं किती जगली त्यावर. तेव्हा पहिल्या वर्षाच्या हिशेबात ते धरू नका. काजू तिसऱ्या वर्षी थोडा लागतो, माड पाच-सहा वर्षांनी. तोवर बाहेरचं थोडं उत्पन्न चालू ठेवा.

दुसऱ्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात टाकीत काठी घाला. पाणी शिल्लक असेल आणि तेरातली अकरा रोपं जगली असतील, तर जूनमध्ये नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) भरून शेजारच्या पाच गुंठ्यांत सहा नवे खड्डे काढा. टाकी एप्रिलमध्येच संपली असेल तर फक्त नांग्या भरा, आणि पैसे दुसऱ्या टाकीला ठेवा.